यकृत व पित्तमार्गाच्या आघातजन्य इजा

पोटावर बसलेल्या माराने किंवा पोटात शिरलेल्या शस्त्राने यकृत, पित्ताशय अथवा पित्तनलिका यांना होणाऱ्या दुखापतींना यकृत व पित्तमार्गाच्या आघातजन्य इजा असे म्हणतात. पोटाच्या दुखापतींमध्ये यकृत व प्लीहा हे सर्वाधिक वेळा जखमी होणारे भरीव अवयव होत. यकृताबाहेरील पित्तनलिकेची इजा त्यामानाने फार क्वचित आढळते, परंतु ती चटकन ओळखू येत नाही.

या इजांमध्ये दोन द्रव बाहेर पडू शकतात, रक्त आणि पित्त. रक्तस्राव काही तासांत, प्रसंगी काही मिनिटांत, रुग्णाच्या जिवावर बेततो. पित्त मात्र सावकाश झिरपते आणि त्याचे परिणाम दिसू लागेपर्यंत अनेकदा रुग्ण घरी गेलेला असतो. पहिल्या दिवशीचा धोका टळला म्हणजे इजा संपली असे समजता येत नाही. या इजांचे निदान व उपचार समजून घेताना हा कालभेद सतत लक्षात ठेवावा लागतो.

यकृताची ठेवण

प्रौढ व्यक्तीचे यकृत साधारणपणे सव्वा ते दीड किलोग्रॅम वजनाचे असते. ते पोटाच्या वरच्या भागात, मुख्यतः उजव्या बाजूस, श्वासपटलाच्या खाली व बरगड्यांच्या आड असते. बरगड्यांचा हा पिंजरा त्याचे संरक्षण करतो, तथापि जोराच्या आघाताने खालच्या बरगड्या मोडल्यास त्यांचीच टोके यकृतात घुसू शकतात. उजवीकडील खालच्या बरगड्या मोडलेल्या रुग्णाच्या यकृताची तपासणी आवर्जून केली जाते ती यामुळेच.

यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या एकूण रक्ताचा हा जवळपास चौथा हिस्सा होय. यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले यकृत-धमनीतून येते. यकृतातून बाहेर पडणारे रक्त तीन मोठ्या शिरांवाटे लगतच्या अधोमहाशिरेत जाते. या शिरा आखूड व पातळ भिंतीच्या असून यकृताच्या मागे दडलेल्या असतात. तेथील रक्तस्राव थांबविणे हे शल्यचिकित्सेतील अतिशय कठीण कामांपैकी एक मानले जाते.

यकृताच्या बाहेरून एक पातळ आवरण असते. फ्रान्सिस ग्लिसन या इंग्लिश वैद्याच्या नावावरून त्यास ग्लिसनचे आवरण म्हणतात. आतील ऊती मऊ व ठिसूळ असते. ज्यांनी स्वयंपाकघरात कलेजी हाताळली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. अशा ऊतीत घातलेला टाका ओढताच ऊतीला कापत जातो, त्यामुळे कातडीची जखम शिवावी तसे यकृत शिवता येत नाही. (मराठीतील ‘काळीज’ हा शब्द आज आपण हृदयासाठी वापरतो, पण ज्या ‘कालेय’ या संस्कृत शब्दापासून तो आला त्याचा अर्थ यकृत असाच आहे. ‘कलेजी’ने तो जुना अर्थ टिकवून ठेवला आहे.)

यकृतपेशी दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतात. हे पित्त बारीक नलिकांतून उजव्या व डाव्या यकृतनलिकेत येते. या दोन नलिका यकृताच्या दाराशी एकत्र मिळतात. पुढे पित्ताशयाची नलिका येऊन मिळाल्यावर मुख्य पित्तनलिका बनते व ती स्वादुपिंडाच्या डोक्यामागून जाऊन लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, उघडते. तिच्या तोंडाशी स्नायूंचे एक वलय असते. त्यास ओडीचे वलय म्हणतात. पित्तगळतीच्या उपचारात या वलयाला विशेष महत्त्व आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

इजेची कारणे

आघाताचे दोन प्रकार मानले जातात, बोथट व भेदक. बोथट आघातासाठी मराठीत ‘मुका मार’ हा अतिशय अर्थपूर्ण शब्द आहे. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, कधी साधा वळही उमटत नाही, आणि आत मात्र अवयव फाटलेला असू शकतो. भारतात मुक्या माराचे प्रमुख कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. याखेरीज झाडावरून किंवा बांधकामाच्या परातीवरून पडणे, जनावराने ढुशी देणे, मारहाण व मैदानी खेळ यांतूनही अशा इजा होतात. लहान मुलांमध्ये सायकलच्या हँडलचे टोक पोटात रुतणे हे एक वारंवार आढळणारे कारण आहे. मूल उठून पुन्हा सायकल चालवू लागते, म्हणून घरच्यांना त्याचे गांभीर्य वाटत नाही.

वेगात असलेले वाहन एकाएकी थांबले असता शरीर थांबते, पण आतील यकृत क्षणभर पुढे जात राहते. ज्या बंधांनी ते श्वासपटलाला व मागील भिंतीला जखडलेले असते, तेथे ताण येऊन ते फाटते. थेट दाबाने होणारी इजा याहून वेगळी असते. त्यात यकृत बरगड्या व पाठीचा कणा यांच्यामध्ये चिरडले जाते.

भेदक आघात म्हणजे सुरा, गोळी, सळई, जनावराचे शिंग इत्यादींनी झालेली जखम. सुऱ्याची जखम तिच्या वाटेपुरती मर्यादित राहते. गोळी मात्र आपल्या वाटेच्या आजूबाजूची ऊतीही नष्ट करते.

लक्षणे

उजव्या कुशीत दुखणे, तेथे दाबल्यास वेदना होणे, पोट ताठ होणे व उजव्या खांद्यात दुखणे ही प्रमुख लक्षणे होत. खांद्यातील दुखणे ऐकून नातेवाइकांना खांद्यालाच मार लागला असे वाटते. वास्तविक श्वासपटलाखाली साठलेल्या रक्ताने किंवा पित्ताने तेथील चेतातंतू चाळवले जातात, आणि त्या चेतातंतूंचे मूळ खांद्याच्या चेतातंतूंबरोबर मानेत असल्याने वेदना खांद्यात जाणवते.

आतील रक्तस्रावाची चिन्हे म्हणजे नाडी जलद होणे, हातपाय गार पडणे, घाम येणे, तहान, बेचैनी व लघवी कमी होणे. येथे एक गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील ३० टक्के, म्हणजे जवळजवळ दीड लिटर, रक्त जाईपर्यंत तरुण व निरोगी माणसाचा रक्तदाब नेहमीसारखा राहू शकतो, कारण शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून तो सांभाळून धरते. नाडी मात्र त्याआधीच वाढलेली असते. ‘बी.पी. ठीक आहे’ या एका वाक्यावर निर्धास्त राहणे त्यामुळे धोक्याचे ठरते. दारूच्या अमलाखाली असलेला, डोक्याला मार लागलेला किंवा बेशुद्ध रुग्ण पोट दुखते असे सांगूही शकत नाही. अशा रुग्णाच्या केवळ पोट तपासण्यावर विसंबून राहता येत नाही.

घटनास्थळी घ्यावयाची काळजी

पोटाला मार लागलेल्या व्यक्तीस आडवे निजवून उबदार ठेवावे व विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिला पाणी, चहा किंवा अन्न देऊ नये, कारण लगेच भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. पोटाला तेल चोळणे, शेक देणे, पोट दाबून पाहणे हे प्रकार टाळावेत. घुसलेला सुरा किंवा सळई जागेवर उपसून काढू नये, कारण पुष्कळदा तीच वस्तू फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरीत असते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. अपघातग्रस्तास सद्‍हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण असून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात त्यासाठी कलम १३४-क घालण्यात आले आहे. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ या भीतीने थांबण्याचे आता कारण नाही.

निदान

रुग्णालयात पहिला प्रश्न ‘यकृताला इजा झाली आहे काय’ हा नसतो. श्वसनमार्ग मोकळा आहे काय, श्वास चालू आहे काय आणि रक्ताभिसरण टिकून आहे काय, हे आधी पाहिले जाते. पुढील वाट ठरते ती रक्ताभिसरणावरून.

रुग्णाच्या खाटेजवळच केली जाणारी जलद सोनोग्राफी ‘फास्ट’ या नावाने ओळखली जाते. हृदयाभोवती, यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधील खाचेत, प्लीहेभोवती आणि ओटीपोटात अशा चार ठिकाणी द्रव साठला आहे काय, हे ती काही मिनिटांत दाखविते. तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. थोडा द्रव तिला दिसत नाही, दिसलेला द्रव रक्त आहे की पित्त हे ती सांगू शकत नाही, आणि तो कोणत्या अवयवातून आला हेही तिला सहसा कळत नाही. तपासणीत द्रव न दिसल्यास काही वेळाने ती पुन्हा करतात. सोनोग्राफी सर्रास होण्यापूर्वी पोटात बारीक नळी घालून, सलाईन सोडून व परत घेऊन त्यात रक्त आहे काय हे पाहत. डेव्हिड रूट व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही पद्धत आता मागे पडली असली, तरी जेथे सोनोग्राफी हाताशी नाही तेथे ती अजूनही उपयोगी पडते.

रक्ताभिसरण स्थिर असलेल्या रुग्णासाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन ही सर्वांत विश्वसनीय तपासणी होय. फाटीची खोली, साठलेल्या रक्ताचे आकारमान व इतर अवयवांच्या इजा त्यात दिसतात. रक्तवाहिनीबाहेर सांडणारे रंगद्रव्य चित्रात पांढऱ्या डागासारखे दिसते, त्यावरून रक्तस्राव अजून चालू असल्याचे कळते. धमनीच्या भिंतीला इजा होऊन बनलेला खोटा फुगाही याच तपासणीत सापडतो. रक्तदाब सावरत नसलेल्या रुग्णास मात्र स्कॅनच्या खोलीत नेणे घातक ठरू शकते. अशा रुग्णाच्या पोटात सोनोग्राफीने द्रव दिसला, तर त्याला थेट शस्त्रक्रियागृहात नेतात.

रक्ततपासणीत यकृतातील एएलटी व एएसटी ही विकरे वाढलेली आढळल्यास यकृताला इजा झाल्याचा संशय बळावतो. हिमोग्लोबिन सुरुवातीला कमी झालेले दिसत नाही, कारण रक्त जाते तेव्हा पेशी व द्रव दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात. म्हणून एका तपासणीपेक्षा ठरावीक अंतराने केलेल्या तपासण्या अधिक बोलक्या असतात.

प्रतवारी

अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा या संस्थेची प्रतवारी जगभर वापरली जाते. ती प्रथम १९८९ मध्ये मांडली गेली व २०१८ मध्ये तिची यकृताविषयीची सुधारित आवृत्ती निघाली. १ सेंटिमीटरपेक्षा उथळ फाट पहिल्या श्रेणीत, १ ते ३ सेंटिमीटर खोल फाट दुसऱ्या श्रेणीत व त्याहून खोल फाट तिसऱ्या श्रेणीत येते. यकृताच्या एका खंडाचा २५ ते ७५ टक्के भाग उद्ध्वस्त झाला असल्यास चौथी श्रेणी, आणि त्याहून अधिक भाग गेला असल्यास किंवा यकृतामागील मोठ्या शिरा फाटल्या असल्यास पाचवी श्रेणी मानतात. आवरणाखाली साठलेल्या रक्ताचेही असेच मोजमाप ठरलेले आहे. सुधारित आवृत्तीत खोटा फुगा व चालू रक्तस्राव यांचा समावेश झाला. असा रक्तस्राव यकृतापुरता मर्यादित असल्यास तिसरी आणि यकृताबाहेर पोटात होत असल्यास चौथी श्रेणी धरली जाते.

प्रतवारी चित्रावरून ठरते, उपचार मात्र रुग्णाच्या अवस्थेवरून ठरतो. चौथ्या श्रेणीची इजा असलेला पण नाडी व रक्तदाब स्थिर असलेला रुग्ण शस्त्रक्रियेविना बरा होऊ शकतो, तर दुसऱ्या श्रेणीची इजा असूनही रक्तदाब घसरत असलेल्या रुग्णास तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. ही विसंगती वाटली तरी तिच्यावरच आजची उपचारपद्धती उभी आहे. वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरी या संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताभिसरण अस्थिर असलेल्या रुग्णाची इजा, फाट कितीही लहान असो, गंभीरच मानली आहे.

शस्त्रक्रियेविना उपचार

विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत यकृताला इजा झाल्याचा संशय आला की पोट उघडण्याचा प्रघात होता. पोट उघडल्यावर अनेकदा असे दिसे की रक्तस्राव आपोआप थांबलेला आहे. मग गुठळ्या काढून पोट पुन्हा शिवले जाई, आणि न करता चालली असती अशी शस्त्रक्रिया रुग्णाच्या वाट्याला येई.

या विचारात बदल घडविण्यास बालकांवरील उपचारांचा अनुभव कारणीभूत ठरला, आणि त्याचा आरंभ यकृतापासून नव्हे तर प्लीहेपासून झाला. टोरंटो येथील बालरुग्णालयातील अनुभवावर आधारित पी. उपाध्याय व जे. एस. सिम्पसन यांचा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लीहेला इजा झालेली मुले शस्त्रक्रियेविना बरी होऊ शकतात असे त्यात दाखविले होते. उपाध्याय हे भारतीय बालशल्यविशारद असून त्यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काम केले. सीटी स्कॅनचा प्रसार झाल्यावर हाच विचार यकृताला व नंतर प्रौढांनाही लागू करण्यात आला. आज यकृताला मुका मार लागलेल्या बहुसंख्य रुग्णांवर, म्हणजे दहांपैकी आठ किंवा अधिक जणांवर, शस्त्रक्रिया केली जात नाही.

‘शस्त्रक्रिया नाही’ याचा अर्थ ‘उपचार नाही’ असा घेतला जाऊ नये. नाडी व रक्तदाब स्थिर असणे, आतडे फुटल्याची चिन्हे नसणे, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी व चोवीस तास शस्त्रक्रियेची तयारी असणे, या गोष्टी असतील तरच हा मार्ग स्वीकारता येतो. रुग्णाची नाडी, रक्तदाब, पोटाचा ताठरपणा व हिमोग्लोबिन वारंवार पाहिले जाते. प्रकृती ढासळल्यास निर्णय तत्काळ बदलावा लागतो. लहान गावातील, रक्त व शल्यविशारद दोन्ही उपलब्ध नसलेल्या रुग्णालयात अशा रुग्णास ‘पाहू या’ म्हणून ठेवून घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. तेथे रुग्णास सावरून लवकर मोठ्या केंद्रात पाठविणे हाच योग्य उपचार ठरतो.

स्कॅनमध्ये धमनीतील रक्तस्राव दिसल्यास जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी यकृत-धमनीपर्यंत नेऊन फुटलेली शाखा धातूच्या गुंडाळ्यांनी किंवा विरघळणाऱ्या कणांनी बंद करता येते. पोर्टल शिरेकडून रक्तपुरवठा चालू राहत असल्याने यकृताला हे सहसा सोसते, तरीही काही रुग्णांत पुढे ऊतीचा काही भाग मरणे किंवा गळू होणे असे उपद्रव उद्भवतात.

रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. भारतासह ४० देशांतील २०,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या क्रॅश-२ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास या औषधाने मृत्यू कमी होतात असे त्यातून दिसून आले. त्यानंतर दिल्यास फायदा होत नाही, उलट अपाय संभवतो.

शस्त्रक्रिया

ज्याचे रक्ताभिसरण रक्त देऊनही सावरत नाही, त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करतात. केवळ सलाईन देत राहिल्यास रक्त पातळ होते व शरीर थंड पडते, म्हणून लाल पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट समप्रमाणात देण्यावर भर असतो. पोट उघडल्यावर पहिली कृती अगदी साधी असते. शल्यविशारद दोन्ही हातांनी यकृताचे फाटलेले भाग एकमेकांवर दाबून धरतो. तेवढ्यात भूलतज्ज्ञ रक्त देऊन रुग्णास सावरतो.

दाबूनही रक्त थांबले नाही तर यकृताच्या दाराशी पोर्टल शीर, यकृत-धमनी व पित्तनलिका ज्या पदरात एकत्र असतात तो पदर चिमट्याने किंवा बोटांनी आवळतात. ही युक्ती ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील शल्यविशारद जेम्स हॉगर्थ प्रिंगल याने १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या लेखातील एकही रुग्ण अखेरीस वाचला नाही. तरीही त्याने आपले निरीक्षण प्रामाणिकपणे मांडले, आणि ती युक्ती आज शंभराहून अधिक वर्षांनी त्याच्याच नावाने जगभर वापरली जाते. तिचा उपयोग निदानासाठीही होतो. पदर आवळूनही रक्त वाहतच राहिले, तर ते आत येणाऱ्या वाहिन्यांतून येत नसून मागील यकृतशिरांतून किंवा अधोमहाशिरेतून येत आहे असे अनुमान निघते. पदर फार वेळ आवळून ठेवता येत नाही, मधूनमधून सैल करावा लागतो.

पुढचा टप्पा म्हणजे यकृताच्या वर, खाली व बाजूंना गॉजच्या मोठ्या घड्या नीट रचून फाट दाबून ठेवणे. घड्या फाटीच्या आत कोंबल्यास ती अधिक रुंदावते, म्हणून त्या बाहेरून लावतात. ही पद्धत जुनीच आहे, मात्र घड्या बरेच दिवस आत ठेवल्याने जंतुसंसर्ग होई व त्या काढताना पुन्हा रक्तस्राव होई, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ती टाकून देण्यात आली होती. पुढे शरीराचे तापमान घसरणे, रक्तातील आम्लता वाढणे व रक्त न गोठणे या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवीत रुग्णाचा अंत घडवितात, हे स्पष्ट झाले. अशा रुग्णावर लांबलचक शस्त्रक्रिया करीत बसण्यापेक्षा रक्तस्राव व आतड्यातील गळती तेवढी थांबवून, पोट तात्पुरते झाकून, त्याला अतिदक्षता विभागात उबदार करावे व साधारण दोन-तीन दिवसांनी घड्या काढून उरलेले काम पुरे करावे, असा विचार रूढ झाला. अमेरिकेत हार्लन स्टोन यांनी १९८३ मध्ये याचा पाया घातला. फिलाडेल्फियातील मायकेल रोटोंडो व विल्यम श्वाब यांनी १९९३ मध्ये त्यास ‘डॅमेज कंट्रोल’ हे नौदलाच्या परिभाषेतील नाव रूढ केले. भोक पडलेले जहाज आधी बंदरापर्यंत पोहोचवायचे, दुरुस्ती नंतर, अशी त्यामागील कल्पना आहे.

फुटलेल्या वाहिन्या एकेक बांधणे, मेलेली ऊती काढून टाकणे व पोटातील चरबीचा पदर फाटीत भरणे हे उपायही योजिले जातात. यकृताचा मोठा भाग कापून काढणे किंवा यकृताचे प्रत्यारोपण करणे अशी वेळ फारच क्वचित येते.

पित्तमार्गाच्या इजा

यकृताला खोल फाट पडते तेव्हा आतील पित्तनलिकाही फाटलेल्या असतात. रक्त गोठते, पित्त गोठत नाही. त्यामुळे रक्तस्राव थांबल्यावरही पित्ताची गळती चालू राहू शकते. चौथ्या व पाचव्या श्रेणीच्या इजांत ती विशेषेकरून आढळते. झिरपलेले पित्त एका जागी साठून राहिल्यास त्या संचयास बायलोमा म्हणतात. ते पोटभर पसरल्यास पोटाच्या अस्तराला दाह होतो. जंतुविरहित पित्ताने होणारा दाह सुरुवातीला सौम्य असतो. किंचित ताप, पोट फुगल्यासारखे वाटणे, भूक न लागणे, हलकी कावीळ एवढ्यावरच काही दिवस जातात. संसर्ग झाल्यावर मात्र रुग्ण झपाट्याने खालावतो.

या कारणाने मोठ्या इजेचा रुग्ण काही दिवसांनी पुन्हा पोटदुखी, ताप किंवा कावीळ घेऊन आल्यास त्याची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन पुन्हा करतात. साठलेला द्रव सुईने काढून तपासला असता त्यातील बिलिरुबिन रक्तातील प्रमाणाच्या तिप्पट किंवा अधिक असल्यास तो पित्तच असल्याचे मानले जाते. गळती नेमकी कोठून होते हे एमआरसीपी किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या हायडा स्कॅनने कळू शकते.

लहान संचय आपोआप जिरतात. मोठे संचय सोनोग्राफीच्या साहाय्याने कातडीतून नळी घालून बाहेर काढतात. गळती चालूच राहिल्यास ईआरसीपी करतात. यात तोंडावाटे आद्यांत्रापर्यंत दुर्बीण नेऊन पित्तनलिकेच्या तोंडातून रंगद्रव्य सोडले जाते व क्ष-किरणांत गळतीची जागा पाहिली जाते. त्याच वेळी उपचारही करता येतो. ओडीचे वलय आवळलेले असल्याने नलिकेत थोडा दाब असतो. पित्ताला आतड्यात उतरण्यापेक्षा फाटीतून बाहेर पडणे सोपे जाते. वलयाला लहानसा छेद दिल्यास किंवा त्यातून प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, घातल्यास हा दाब नाहीसा होतो व पित्त आपल्या नेहमीच्या वाटेने वाहू लागते. फाटीतून पित्त जाणे थांबले की ती स्वतःच भरून येते. फाटीला हातही न लावता ती बरी करणारा हा उपाय द्रवाच्या दाबाचा शालेय नियम वापरून केलेला आहे असे म्हणता येईल. काही आठवड्यांनी स्टेंट काढून टाकणे आवश्यक असते. तो विसरला गेल्यास तुंबतो आणि त्यातून पित्तनलिकेचा संसर्ग होतो. म्हणून बरे वाटत असले तरी रुग्णाने ठरल्या तारखेस परत जाणे गरजेचे आहे.

यकृताबाहेरील पित्तमार्गात पित्ताशयाला इजा होण्याचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. फुटलेले पित्ताशय काढून टाकल्याने प्रश्न मिटतो. मुख्य नलिकेचे तसे नाही. मुक्या माराने ती बहुधा स्वादुपिंडाच्या वरच्या काठाशी तुटते, कारण तेथे मोकळी नलिका एकदम जखडली जाते. शेजारीच पोर्टल शीर व यकृत-धमनी असल्याने या इजेबरोबर अनेकदा त्यांनाही इजा होते व शल्यविशारदाचे लक्ष स्वाभाविकपणे रक्ताकडे वेधले जाते. केवळ नलिकाच तुटलेली असल्यास सुरुवातीला विशेष काही जाणवत नाही. कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यांनी, कावीळ, पांढरट शौच, फुगलेले पोट व घटलेले वजन यांवरून ती उघडकीस येते.

नलिकेचा घेर पूर्ण तुटला नसेल तर शिवून व आत नळी ठेवून किंवा स्टेंट घालून भागते. पूर्ण तुटलेली टोके एकमेकांस जोडणे सोपे वाटते, परंतु नलिकेचा रक्तपुरवठा तिच्या दोन कडांनी जाणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्यांवर अवलंबून असल्याने असा जोड पुढे आकसतो. म्हणून लहान आतड्याचा एक भाग वर आणून नलिका त्यास जोडतात. आतड्याच्या या रचनेस स्वित्झर्लंडच्या सेझार रू या शल्यविशारदाचे नाव मिळाले आहे. रुग्णाची अवस्था नाजूक असल्यास तूर्त पित्त नळीवाटे बाहेर काढून जोडणी पुढे ढकलतात. जोड आकसला तर वारंवार कावीळ व थंडी-ताप येतो, आणि तो दुर्लक्षित राहिल्यास अनेक वर्षांनी यकृत निकामी होते. अशा रुग्णांना दीर्घकाळ तपासणीखाली राहावे लागते.

धमनी व पित्तनलिका यांच्यामध्ये आतल्या आत वाट पडली तर रक्त पित्तमार्गातून आतड्यात येते. यास हिमोबिलिया म्हणतात. हे नाव स्वीडनच्या फिलिप सँडब्लोम यांनी १९४८ मध्ये दिले, परंतु त्याची पहिली नोंद ग्लिसन याच्या १६५४ च्या ग्रंथात सापडते. झटापटीत उजव्या कुशीवर मार बसलेल्या एका उमरावाचा हा वृत्तांत आहे. उजव्या कुशीत दुखणे, कावीळ आणि रक्ताची उलटी किंवा काळे शौच ही तिची तीन लक्षणे क्विंके याने १८७१ मध्ये सांगितली. तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत आढळतात. दुखापतीला काही आठवडे उलटून गेलेले असल्याने अनेकदा जठरातील व्रणाचा संशय घेतला जातो. रुग्णाने जुन्या अपघाताची हकिगत सांगितल्यास निदान पुष्कळ लवकर होते. उपचार म्हणून ती धमनी आतून बंद करतात.

बरे होणे

यकृतास पुन्हा वाढण्याची विलक्षण शक्ती असते. बहुतेक फाटी दोन ते तीन महिन्यांत भरून येतात, मोठ्या इजांना याहून अधिक काळ लागतो. चालणे-फिरणे, घरातील कामे लवकरच सुरू करता येतात. धक्काबुक्कीचे खेळ, जड वजन उचलणे, दुचाकीवरील लांबचा प्रवास यांस इजेच्या प्रमाणात काही आठवडे ते काही महिने मनाई असते. कबड्डी व कुस्ती खेळणाऱ्या मुलांना हे पथ्य पाळणे जड जाते. शाळेच्या क्रीडाशिक्षकास याची लेखी कल्पना द्यावी. यकृताला सूज आणणारी औषधे व मद्य या काळात टाळावयास सांगतात.

घरी गेल्यावर ताप, वाढती पोटदुखी, डोळे पिवळे होणे, गडद लघवी, पांढरट किंवा डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी अथवा चक्कर यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. पहिल्या रुग्णालयातील कागद, विशेषतः सीटी स्कॅनचा अहवाल व केलेल्या शस्त्रक्रियेची नोंद, सोबत नेल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे काम सोपे होते. पोटात घड्या किंवा स्टेंट ठेवलेला असल्यास त्याची नोंद त्या कागदांत आहे याची खात्री रुग्णाने घरी जाण्यापूर्वीच करून घ्यावी.